लहान आवाज

"यंदा ह्यांच्या हातची, घरी भरलेली काडतुसं नकोत गं," सासूबाई म्हणाल्या होत्या. "रविवारची कॉफी बघितलीस ना?"

बघितली होती. ऑरिननी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पूड न घालताच पाणी उकळून सगळ्यांच्या कपांत ओतलं होतं. आम्ही पोट धरून हसलो होतो. "आयुष्यभर भरतायत ते काडतुसं," मी म्हणाले. "कॉफीचं काय एवढं!"

हरणांचा हंगाम तोंडावर आला तसा माझा नवरा कॉलबी रायफल तपासायला खडीच्या खाणीत निघाला. तान्ह्या टिल्डाला घेऊन मीही गेले. ट्रक बराच मागे उभा केला. बाळ मांडीवर झोपलेलं, त्याचे कान झाकलेले; खिडकीची काच बोटभर उघडी.

दुकानातली दोन प्रकारची काडतुसं त्याने आधी झाडून बघितली. एकाची भोकं निशाणाच्या कागदभर विखुरली, दुसऱ्याची त्यातल्या त्यात बरी. मग त्याने वडिलांनी भरलेल्या काडतुसांचा डबा उघडला. तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकतील अशी बसली.

"बघितलंस?" मागे वळून तो ओरडला. "आणि म्हाताऱ्याला नावं ठेवता!"

पुढच्या वेळी धडाड झालंच नाही. फट्. ओली काटकी मोडावी तसं.

कानांवर जाड मफ घातलेल्या कॉलबीला ते ऐकूच गेलं नाही. खांद्याला धक्काही बसला नाही. काडतूस पेटलंच नाही, असं वाटून तो नियमाप्रमाणे नळी समोर धरून थांबला. पण मी ऐकलं होतं. म्हणजे काडतुसाच्या बुडाची ठिणगीची टोपी पेटली होती. मग गोळी गेली कुठे? आमच्याकडे शाळेत शिकारीच्या वर्गात सगळ्यांना शिकवतात: आत दारू नसेल तर टोपीच्या जोराने गोळी नळीत जेमतेम शिरते आणि तिथेच अडकते, आणि मागून दुसरी झाडली की नळी झाडणाऱ्याच्या तोंडापाशी फुटते.

मी भोंगा वाजवला. त्याने न वळता नुसता हात हलवला, थांब म्हणून. मग रायफलच्या मागचा बोल्ट ओढला, रिकामं नळकांडं उडालं, त्याकडे न बघताच त्याने नवं काडतूस आत घातलं.

रडणाऱ्या टिल्डाला सीटवर टाकून मी धावले. रायफलवर वाकलेल्या माणसाला मागून हात लावायचा नसतो. मी कॉलर धरून त्याला मागे खेचलं.

"वेड लागलं का? भरलेली आहे!"

"आवाज लहान आला, कॉलबी. फट् झालं."

त्याने काडतूस बाहेर काढलं, बोल्ट काढला, मागून नळीला डोळा लावला. आभाळ दिसत नव्हतं. तो तिथेच खडीवर बसला.

संध्याकाळी ऑरिननी डब्यातली उरलेली काडतुसं एकेक करून तराजूत घातली. दोन हलकी निघाली. "मी भरली ही?" त्यांनी विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. मग हळूच म्हणाले, "मर्ललाही एक डबा दिलाय."

मर्ल आमचा शेजारी. परवाच डोंगरातल्या झोपडीवर गेला, एकटाच. तिथे फोन लागत नाही. कॉलबी मघाशीच निघाला आहे, पण वर बर्फ पडतंय आणि रस्ता कुठपर्यंत उघडा आहे कोण जाणे.

तुम्ही त्या बाजूचे असाल तर जाऊन बघा. मर्लचा ट्रक हिरवा, मागचा एक दिवा फुटलेला. त्याला कमी ऐकू येतं. दारावर जोरात थापा मारा. आधी बोल्ट काढायला लावा, नळीतून आभाळ दिसतंय का ते बघा. आणि तो डबा हातातून काढून घ्या. तो हसेल. हसू द्या.