तीन धोट्यांची किनार

"बाई, पोपटाची चोच गेली!" सहावीतली सोमारी ओरडली आणि अख्खा वर्ग खिदळायला लागला.

मनकर्णाच्या हातात पुस्तकाचे दोन पुठ्ठे होते आणि मधे नुसती माती. भरतकामाच्या नमुन्यांचं ते पुस्तक अकरा वर्षांपूर्वी नागपूरहून आलं होतं. ती सिंदेवाहीच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला लागली तेव्हापासून त्यातलंच पाहून मुली मॅटीच्या कापडावर लोकरीने टाके घालत आल्या होत्या. गुलाबावर बसलेला पोपट, टोपलीतलं मांजर, धुराड्याचं घर. गावातल्या निम्म्या खुर्च्यांवर तो पोपट जाऊन बसला होता. आता वाळवीने त्याला संपवलं होतं. मनकर्णालाही हसू आवरेना.

हेडमास्तर गुणवंतराव मात्र हसले नाहीत.

"बाई, पाच आठवड्यांनी चांद्याला प्रदर्शन आहे. शिवणाचा वर्ग चालू ठेवायचा की नाही, ते यंदा तिथेच ठरणार. मी लिहून पाठवलंय, आमची शाळा खुर्चीची गादी भरून आणणार म्हणून. आता काय नेणार? वाळवी?"

"भरू न काहीतरी, सर," मनकर्णा म्हणाली. पण काय भरायचं, ते तिलाही ठाऊक नव्हतं. चित्र काढायला ती कधी शिकली नव्हती. तिला चौकटी मोजता येत होत्या आणि टाका सरळ घालता येत होता, एवढंच.

दुपारी शाळेत पाणी भरणारी शकुबाई आली. तिने घागर खाली ठेवली, डोक्यावरची चुंबळ काढून ओट्यावर टाकली आणि पदराने घाम पुसला. मनकर्णाचं लक्ष त्या चुंबळीकडे गेलं. जुन्या टसरी लुगड्याच्या चिंध्या पिळून केलेली चुंबळ. चिंध्या मळून काळ्या पडल्या होत्या, पण एका पट्टीवर लालभडक दात दिसत होते. करवतीच्या पात्यासारखे, एकामागे एक.

"शकुबाई, हे कोनाचं लुगडं?"

"माह्यंच. लग्नातलं. बुढ्यानं विनलं होतं." शकुबाईचा नवरा देवाजी कोष्टी एकेकाळी माग चालवायचा. मोतीबिंदूने दृष्टी गेल्याला नऊ वर्षं झाली होती.

मनकर्णाने चुंबळ उकलली. वीतभर किनार निघाली. दातांच्या आत बारीक फुलांची ओळ होती, पण ती अर्ध्यातच विरली होती. तिने चौकटीचा कागद घेतला आणि तिथल्या तिथे उतरवायला बसली. दात उतरले. फुलं काही केल्या पुरी होईनात.

"बुढ्याले इचारा न," शकुबाई म्हणाली. "पन सांगून ठेवते, मागाचं नाव काढलं का तो भडकते."

रविवारी मनकर्णा कोष्टीपुऱ्यात गेली. देवाजी दारात बसून दोरी वळत होता.

"देवाजीभाऊ, मी शाळेतली मनकर्णा. तुमच्या किनारीचं विचाराले आली."

"काऊन? लुगडं पाह्यजे का? मिलचं घ्या, स्वस्त भेटते."

"लुगडं नाई. खुर्चीची गादी भरून राह्यली."

देवाजीचा हात थांबला. "गादी? म्हंजे माह्या किनारीवर लोकं बसनार?"

आतून शकुबाई मोठ्याने हसली. "बसले तं बसले! मी वीस वर्षं डोस्क्यावर घागर ठेवली तिच्यावर, तेव्हा नाई बोलला!"

"तू चूप राह्य! मले दिसत होतं का तू काय करून राह्यली ते?"

"अकरा वर्षं तं दिसत होतं!"

म्हातारा स्वतःच हसायला लागला. दात नसलेलं, पोट हलवणारं हसू. "विचारा बाई, काय ते विचारा."

पण विचारून उपयोग होईना. फूल किती घरांचं, असं विचारलं की तो हवेत बोटं फिरवायचा आणि अडायचा. "असं तोंडी नाई येत, बाई. हे पायात असते."

शेवटी तोच उठला. चाचपडत आतल्या खोलीत गेला. मागाचा खड्डा अजून होता, त्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. शकुबाईने कोंबडी उचलली, कोंबडीने घर डोक्यावर घेतलं. देवाजी काठावर बसला, पाय खड्ड्यात सोडले. नसलेल्या पावड्या पायांनी दाबल्या, नसलेला धोटा उजवीकडून डावीकडे फेकला.

"तीन धोटे चालते," तो म्हणाला. आवाज बदलला होता. "मदला अंगाचा, दोन बाजूचे किनारीचे. लिवा. दोन घरं लाल, एक सोडा. चार लाल, एक सोडा. आता फूल उघडते. एक, तीन, पाच, मधात पोकळ..."

मनकर्णा भराभर चौकटी काळ्या करत गेली. त्याचे पाय थांबले की ती थांबायची. दुपार कलेपर्यंत कागदावर करवत होती, फूल होतं आणि फुलाखाली लुगड्यात कधीच विरून गेलेली एक नागमोडी वेलही होती. शकुबाई खांद्यावरून वाकून बघत होती.

"हे होतं," ती हळूच म्हणाली. "वेल होती. मी इसरूनच गेली होती."

चार आठवडे वर्ग त्याच गादीच्या कामाला बसला. लाल लोकर शाळेतली, पांढऱ्यावर तिचा रंग भडक दिसे म्हणून शकुबाईने माळ्यावरून टसरी सुताची उरलेली लडी काढून दिली. मधली जागा त्या मधाच्या रंगाच्या सुताने भरली. गादी निम्मी झाली तेव्हा मनकर्णा ती देवाजीकडे घेऊन गेली. त्याने बोटं फिरवली आणि एका कोपऱ्यात थांबला.

"इथी एक दात कमी हाय."

मनकर्णाने मोजलं. कमी होता. तीन दिवसांचं काम उसवताना मुली कुरकुरल्या, पण मनकर्णा स्वतःच उसवायला बसल्यावर त्याही बसल्या.

चांद्याला जाताना देवाजी हटून बसला. "मी येतो. नमुन्यातलं कोनी काई विचारलं तं तुमाले सांगता येनार नाई." मग काय, छोट्या रुळांच्या आगगाडीत मनकर्णा, गुणवंतराव, शकुबाई आणि कोरं धोतर नेसलेला देवाजी. वाटेत प्रत्येक स्टेशनावर तो विचारी, "गादी हाय न?" आणि गुणवंतराव मांडीवरचं गाठोडं थोपटून म्हणत, "आहे, आहे."

मंडपात शाळांची टेबलं मांडली होती. सहा टेबलांवर तेच पोपट होते. परीक्षक बाईंनी गादी उचलली, उलटी करून मागचे टाके पाहिले.

"कुठल्या पुस्तकातला नमुना?"

"पुस्तक नाई," मनकर्णा म्हणाली. "हे देवाजीभाऊ."

बाईंनी चष्मा वर करून म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग पेन काढून चिठ्ठीवर शाळेच्या नावाखाली लिहिलं, 'नमुना: देवाजी कोष्टी, सिंदेवाही.' पहिलं बक्षीस वरोऱ्याच्या शाळेच्या पोपटाला मिळालं. गादीला दुसरं. शिवणाचा वर्ग राहिला. गुणवंतरावांनी तिथेच सगळ्यांना चहा पाजला आणि उत्साहात स्वतःचा कप शकुबाईच्या हातात दिला.

मनकर्णा परत टेबलापाशी आली तेव्हा तिथे दहा-बारा माणसं होती. कोणीतरी देवाजीला विचारलं होतं, हे विणतात कसं. देवाजीला लोक कुठे आहेत ते कळलं नव्हतं. तो मंडपाच्या कापडी कनातीकडे तोंड करून, हात हवेत चालवत सांगत होता, "तीन धोटे चालते बरं का..."

मनकर्णा त्याला वळवायला पुढे झाली. पण त्याआधीच एक बाई टेबलाला वळसा घालून कनातीपाशी, त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. मग दुसरी गेली. मग एकेक करत सगळीच माणसं तिकडे सरकली आणि ऐकू लागली.