आडाकडची माती

गफूरच्या अंगणात जेसीबी आला तेव्हा त्याचा हिशेब साधा होता. रमजानच्या आत स्लॅब टाकायचा आणि ईद नव्या घरात करायची. आडाकडच्या बाजूचे कॉलमचे खड्डे झाले, माती भिंतीशी ढीग घालून ठेवली, आणि पुढच्या खड्ड्यातून हिरव्या काचेचे गोळे वर यायला लागले. कुणीतरी फोटो काढून मोबाइलवर पाठवले. ते फिरत फिरत विद्यापीठात पोचले, आणि आठवड्याभरात आमच्या कंधारला पोरापोरींची एक टोळी खुंट्या, दोऱ्या आणि ब्रश घेऊन हजर झाली. गफूर मनानं मोठा. त्यानं सिमेंटची पोती आमच्या पडवीत आणून टाकली आणि म्हणाला, खोदा बाबांनो, पण पटपट.

मी शेजारची. त्यांची आमची भिंत एकच. त्या पोरांचा डबा माझ्याकडं होता, त्यामुळं खड्ड्यात डोकवायचा हक्क मला आपोआप मिळाला होता.

टोळीची म्होरकी वर्षाराणी, लातूरकडची. बोलायला गोड, पण कुणी खड्ड्याच्या काठावर पाय ठेवला की डोळे वटारायची. तिनं आम्हाला सांगितलं की पाच-सहाशे वर्षांपूर्वी या जागेवर बांगड्यांची भट्टी होती. काच वितळवायच्या मातीच्या मुशी दाखवल्या. माझं दुधाचं पातेलं करपल्यावर दिसतं तशीच काच त्यांच्या बुडाला चिकटलेली. आणि बांगड्यांचे तुकडे तर विचारू नका. निळे, पिवळे, काळे, घमेल्यानं निघत होते.

गफूरचं घराणं मनियारांचं. बसस्टँडजवळ त्याचं बांगड्यांचं दुकान आहे. तो हसून म्हणाला, "म्हणजे माल अंगणात बनत होता, अन् मी येडा फिरोजाबादहून आणून राहिलो." त्यानं सगळ्या पाहुण्यांना फोटो पाठवले, आमच्या वाडवडिलांची भट्टी म्हणून. हे घर त्याच्या आजोबानं एका कोमटी व्यापाऱ्याकडून विकत घेतलं होतं, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.

त्याची आई खातूनबी, म्हणजे आमची खाला, रोज पत्र्याखाली बाज टाकून बसायची. हातात तसबीह, नजर खड्ड्यात. मी डबा घेऊन गेले की एकच विचारायची, आज काय निघालं? काच निघाली म्हटलं की मणी पुन्हा सरकायला लागायचे. म्हातारीचा वेळ जातो आहे, असं मला वाटायचं.

मग एका सकाळी भट्टीच्या तळाखाली गाडगं निघालं. लहानसं, तोंडावर उपडी वाटी. आत राखेसारखी माती आणि तिच्यात चिमणीची असावीत तशी हाडं. ती चिमणीची नव्हती. टोळीतल्या एकीनं मोबाइलवरचं गाणं बंद केलं.

त्या दुपारी खाला माझ्या स्वयंपाकघरात आली. गुडघ्यांमुळं आमच्या पायऱ्या ती कधी चढत नाही. भिंतीला टेकून बसली, दम खाल्ला, आणि विचारलं, "आरती, तुझ्या सासूनं मरताना तुला काही सांगितलं होतं का? माझ्याबद्दल?"

माझ्या सासूबाई धोंडाबाई सुईण होत्या. निम्मी गल्ली त्यांच्या हातावर जन्मली. पण जे झालं ते तिथंच ठेवायचं, घरी आणायचं नाही, असा त्यांचा खाक्या. मला काहीच माहीत नव्हतं. जे कळलं ते खालाकडूनच, त्या दुपारी.

गफूरच्या आधीची गोष्ट. घरातले पुरुष माळेगावच्या जत्रेत दुकान घेऊन गेलेले. खालाला सातव्या महिन्यातच कळा आल्या. लेकरू रडलं नाही. ती स्वतः तापानं बेशुद्ध. त्यांच्यात असं लेकरू पांढऱ्या कपड्यात गुंडाळून कब्रस्तानात नेतात, पण न्यायला घरी माणूस नव्हता. आमच्यात असं लेकरू घराबाहेर जाऊ देत नाहीत. गाडग्यात मीठ घालून अंगणातच ठेवतात, म्हणजे पुढचं टिकतं. सासूबाईंच्या हाताला जे ठाऊक होतं ते त्यांनी केलं, आणि खालाची सासू गप्प राहिली. खाला शुद्धीवर आली तेव्हा तिला एवढंच सांगितलं गेलं, घरातच आहे, आडाकडं, विचारू नको. तिनं विचारलं नाही. पुढं गफूर झाला आणि जगला. मग तर विचारणं म्हणजे त्याच्यावर संकट ओढवून घेणं, असं तिला वाटत राहिलं.

"पोरगा होता का पोरगी, तेवढं बी मला कळलं न्हाई," ती म्हणाली. "ते माझं असंल तर मला देतील का गं? कब्रस्तानात न्यायचंय. दुसरं काही न्हाई."

गफूरला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि कळू द्यायचं नव्हतं.

मी वर्षाराणीला आमच्या पडवीत बोलावलं आणि सगळं सांगितलं. ती मला खड्ड्याशी घेऊन गेली. गाडगं खड्ड्याच्या भिंतीतूनच निघालं होतं, आणि त्याच्या वर भट्टीच्या राखेचा थर दिसत होता. दुधावर साय धरावी तसा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड. वरून कुणी खणून गाडगं ठेवलं असतं तर ही राख फाटली असती, असं तिनं दाखवलं. फाटलेली नव्हती. म्हणजे आधी गाडगं, नंतर भट्टी. शिवाय आड होता पलीकडं. कुणाचं तरी होतं ते लेकरू, पण पाचशे वर्षांपूर्वीच्या कुणाचं तरी.

मी तिला म्हटलं, "तू फक्त हाव म्हण. तिचंच हाय म्हण. कुणाचं काय जातंय?"

ब्रशचे केस मोडत ती म्हणाली, "काकू, मी हाव म्हणलं की त्या शोधायचं थांबवतील. अन् त्यांचं इथंच कुठंतरी पडून राहील."

मला तिचा राग आला. शिकलेली माणसं खरं बोलायची वेळ नेमकी चुकीची निवडतात, असं मी मनात म्हटलं. पण ती स्वतः जाऊन खालाच्या बाजेशी उकिडवी बसली आणि हळू आवाजात तिला सांगितलं. राख दाखवली. खालानं एकच विचारलं, ते तरी काय होतं, पोरगा का पोरगी? एवढ्या लहान हाडांवरून कळत नाही, वर्षाराणी म्हणाली.



"मग माझं कुठं गेलं?" खाला म्हणाली.

वर्षाराणीनं मान फिरवली आणि भिंतीशी पडलेल्या ढिगाकडं पाहिलं. मलाही तेव्हाच उमगलं. आडाकडचे खड्डे या पोरांनी खणलेच नव्हते. ते जेसीबीनं आधीच उपसले होते, एका दमात, बादलीनं.

वर्षाराणी म्हणाली, आम्ही एक दिवस जास्त थांबतो, सगळा ढीग चाळून काढतो, काही असेल तर सापडेल.

"न्हाई बेटा," खाला म्हणाली. "चाळणीत नको."

टोळी गेली. ते गाडगं वर्तमानपत्राच्या बोळ्यांत बसवून, नंबर टाकलेल्या खोक्यातून गेलं. कुणाच्या तरी लेकराला निदान नंबर मिळाला. मागं राहिला तो ढीग, आणि तो गफूरनं शेषेरावला कबूल केला होता. जुन्या गावठाणातली पांढरी माती वावराला खतासारखी लागते, म्हणून शेषेराव ट्रॅक्टर घेऊन दारात उभा राहिला. खालानं गफूरला सांगितलं, माती वावरात जायची नाही. कब्रस्तानात न्यायची. पावसानं कबरी खचल्यात, तुझ्या अब्बाची पण. गफूर वैतागला, शब्द दिलाय म्हणाला, लोक हसतील म्हणाला. पण आईनं आजवर त्याच्याकडं काही मागितलं नव्हतं, त्यामुळं नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. शेषेरावानं तोंड वाकडं केलं आणि ट्रॅक्टर भाड्यानं लावला.

बायका कब्रस्तानात आत जात नाहीत, म्हणून आम्ही दोघी फाटकाबाहेर थांबलो. ट्रॉली उलटली की माती घसरायची आणि तिच्यात काचेचे तुकडे उन्हात चमकायचे. गफूर नि दोघं जण फावड्यानं ती पसरत होते. फावडं आपटलं की दुआ पुटपुटणारे खालाचे ओठ थांबायचे. हळू पसरा, एवढं तिनं एकदा सांगितलं. गफूर म्हणाला, माती तर आहे अम्मी.

शेवटची खेप रिकामी झाली. शेषेराव ट्रॅक्टर वळवून निघाला तशी खाला त्याच्या आडवी उभी राहिली. ट्रॉली झाडून घे म्हणाली.

"खाला, मूठभर हाय. वावरात पडंल की."

"तेवढी बी जाऊ द्यायची न्हाई."

तो पुटपुटत खाली उतरला. मी समोरच्या घरातून झाडू आणला. त्यानं झाडलं. खालाचं समाधान झालं नाही. फळीच्या फटीत अडकलेली माती तिनं बोटानं खरवडून ओढणीच्या पदरात घेतली आणि फाटकावरून गफूरपुढं धरली.

"अब्बाच्या कबरीवर टाकू?" त्यानं विचारलं.



"बाजूला टाक," खाला म्हणाली. "थोडी जागा सोडून."