वाचनालयाच्या कार्डावर जळणारा परवाना

मित्रांनो, मी एक जुना परवाना आहे, उंच क्रेन चालवण्याचा. माझ्या आतल्या पानावर मालकांचा फोटो होता: काळ्याभोर मिशा, ताठ मान. माझ्याशिवाय त्यांना क्रेनच्या शिडीवर पाय ठेवता येत नसे. फाटकावरचा पहारेकरी मला उघडून बघायचा आणि त्यांना सलाम ठोकायचा. काय थाट होता माझा!

पुढे मालकांचे गुडघे कुरकुरू लागले. त्यांनी काम सोडलं आणि वाचनालयात नाव घातलं. तेव्हापासून त्यांच्या खिशात माझ्या शेजारी एक गुलाबी कार्ड राहायला आलं. दर शनिवारी ते बाहेर पडायचं, शिक्के मारून घ्यायचं आणि मिरवत परत यायचं. माझा नुसता तिळपापड व्हायचा. एवढासा चिटोरा, पण तोरा केवढा!

मला मात्र दर दोन वर्षांनी फी भरून नुसतं जिवंत ठेवत. यंदा मालकीणबाईंनी विचारलंच, "चार वर्षांत एकदा तरी क्रेनवर चढलात का?"

"नाही. पण असू दे गं. खिशात असला की बरं वाटतं."

"शनिवारी शेवटची तारीख आहे. काय ते एकदाचं ठरवा."

शनिवारी मालक फी भरायला निघाले. मी खुशीत होतो. वाटेत पुस्तक बदलायला ते वाचनालयात शिरले. तिथे चार माणसं एक अवजड कपाट दारात अडकवून बसली होती आणि चौघेही एकमेकांना हुकूम सोडत होते. मालकांना राहवलं नाही.

"सगळे गप्प! इशारा एकाचाच!" ते गरजले. मग नुसत्या हाताच्या खुणांनी त्यांनी ते कपाट अलगद आत घेतलं.

ग्रंथपाल बाई थक्क झाल्या. "हे कुठं शिकलात, काका?"

मालकांचा हात खिशात गेला. आता मला काढणार, सगळ्यांना दाखवणार! त्यांनी कार्ड काढलं.

"क्रेन चालवायचो पूर्वी," ते हसून म्हणाले. "हे पुस्तक बदलायचंय."

"कार्ड भरलंय तुमचं. नवीन करू. फोटो आहे का?"

मालक जरा घुटमळले. मग त्यांनी मला उघडलं, नखाने फोटोचा कोपरा हळूच सोडवला आणि तो बाईंच्या हातात दिला. तिथून ते फी न भरताच घरी आले.

आता मी घरच्या कपाटाच्या खणात असतो. फोटोच्या जागी डिंकाचा पिवळा चौकोन उरला आहे. माझे मालक त्या नव्या चिटोऱ्याच्या छातीवर बसून शनिवारचे फिरायला जातात, हे मला अजून सोसवत नाही.

मित्रांनो, मला जन्मभर पोसा असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या जोरावर तुमचं घर चाललं, त्याला सोडायचं ठरलं तर एकदा तसं सांगा. मी चार वर्षं खिशात तयार होऊन बसलो होतो.