मी पुठ्ठा नाही, दाराचा पॅड आहे!

मी एक जुना पॅड आहे. परीक्षेला नेता तो नव्हे हं, मित्रांनो! एका लाल, दोनच माणसांच्या, धावण्यासाठी जन्मलेल्या गाडीच्या उजव्या दाराला आतून बसवलेला पॅड. लाकडाचा लगदा दाबून फळी केली, तिच्यावर काळं रेक्झिन चढवलं, तो मी. हुबळीतल्या केशवापूरच्या ज्या दुकानात मी सध्या राहतो, तिथे येणारे-जाणारे विचारतात, "हा पुठ्ठा कशाला टांगलाय?" पुठ्ठा चपलांच्या खोक्याला असतो. मी लाकडाच्या जातीचा आहे, सांगून ठेवतो!

परदेशातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. एवढ्या जोरानं मला दाबलं की अंगातलं पाणी झाडून सगळं निघून गेलं. तेव्हापासून पाण्याचं आणि माझं वाकडं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

फिरत फिरत ती गाडी धारवाडला आली आणि जयलक्ष्मीबाईंनी ती घेतली. त्या कॉलेजात गणित शिकवायच्या. सगळे त्यांना जयक्का म्हणत. "बाईमाणसाला ही कसली थेरं!" असं लोक म्हणाले. जयक्कांनी काच खाली केली, कोपर माझ्यावर टेकवलं आणि हुबळीच्या रस्त्याला गाडी अशी सोडली की बोलणारे धुळीत राहिले. त्यांच्या बांगड्यांचे ओरखडे अजून माझ्या अंगावर आहेत. ते मी मिरवतो.

कौतुक तर काय विचारता! खंडेनवमीला आमच्याकडे सायकलीपासून लॉरीपर्यंत सगळ्यांना आंघोळ. जयक्कांचा मुलगा श्रीहरी बादल्यांवर बादल्या ओतायचा, बाहेरून आणि दार उघडून आतूनसुद्धा. मग झेंडूची माळ, कुंकू, चाकाखाली लिंबू. सगळे म्हणायचे, काय झळकतेय गाडी! आणि इकडे ते पाणी माझ्या खालच्या कडेतून आत झिरपत असायचं. दरवर्षी पूजा गाडीची आणि बुडायचो मी! कुणाच्या गावीही नव्हतं.

पुढे जयक्का थकल्या, गाडी हुबळीच्या देशपांडे नगरातल्या त्यांच्या घराच्या शेडमध्ये उभी राहिली. डाव्या दाराच्या माझ्या भावाचा तर भुगाच झाला. मी मात्र टिकलो. खालून फुगलो, पदर सुटले, पण टिकलो!

यंदा जयक्कांनी इंजिन दुरुस्त करून घेतलं आणि जाहीर केलं, "नवमीला गाडी मी चालवणार. पण अशी उघड्या लोखंडाची दारं घेऊन नाही."

श्रीहरी म्हणाला, "आई, ते सामान कुठेच मिळत नाही. ती कंपनीच राहिली नाही. नवमीपर्यंत झालं तर ठीक, नाहीतर देऊन टाकू. बेंगळुरूचा एक हॉटेलवाला दारात शोभेला ठेवतो म्हणतोय."

"मी जिवंत असताना माझी गाडी कुंडीसारखी दारात ठेवणार?" जयक्का कडाडल्या. मला दारावरून सोडवून, मांडीवर घेऊन त्या रिक्षात बसल्या आणि थेट केशवापूरला दीपश्रीच्या दुकानात आल्या. दीपश्री गाड्यांची सीट-कव्हरं शिवते.

"अय्यो जयक्का, ह्याच्यात काय उरलंय? मस्त गुबगुबीत फोमचे पॅड करून देते की!"

"बेडा! नको मला फोम. होतं तसंच पाहिजे."

मग दीपश्रीनं मला खाकी कागदावर ठेवलं, कडेकडेनं पेन्सिल फिरवली, नवी फळी कापली, भोकं पाडली, रेक्झिन चिकटवलं. कागद उलटा करून डाव्या दाराचाही पॅड कापला. अगदी हुबेहूब! नवमीच्या आदल्या दिवशी ती मलाही सोबत घेऊन ते बसवायला जयक्कांकडे गेली, आणि दार लागेचना. पॅडची खालची कड उंबऱ्याला अडत होती. पुन्हा लावलं, पुन्हा अडलं.

"साकु, पुरे झालं आता," श्रीहरीनं फोन काढला. "हॉटेलवाल्याला कळवतो."

दीपश्री रडकुंडीला आली. "असं कसं होईल? केसाचा फरक नाही हो!"

जयक्कांनी मला उचललं. माझ्या वरच्या कडेवरून बोटं फिरवली, ती कडक. खालच्या कडेवरून फिरवली, तिचे चपातीसारखे पदर सुटलेले. त्या एकदम थांबल्या.

"दीपश्री, तू पॅडचं माप घेतलंच नाहीस. आम्ही ओतलेल्या पाण्याचं माप घेतलंस. हा खालून फुगलाय बाई! श्रीहरी, फोन खिशात ठेव."

दीपश्रीनं कपाळावर हात मारला. दाराच्या लोखंडात माझ्या खिळ्यांची भोकं होती, ती थोडीच फुगणार! तिनं तिथेच कागद लावला. वरचा आकार माझा घेतला, खालची कड लोखंडाच्या भोकांवरून ठरवली. जास्तीचं कापलं आणि दार लावलं. खट्ट! तो आवाज ऐकून जयक्कांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी ते पुसलंसुद्धा नाही.

"मग हे टाकून देऊ ना?" श्रीहरीनं मला उचललं.

दीपश्रीनं मला हिसकावून घेतलं. "टाकता कसं, अण्णा? अशी गाडी आणखी कुणाकडे असेल, तर त्याचे पॅड मी कशावरून काढू?" तिनं माझ्या खालच्या अंगावर लाल रेघ मारली. रेघेच्या वर मी खरा, खाली पाणी.

दुसऱ्या दिवशी दुकानात हत्यारांची पूजा मांडली. शिलाई मशीन, कात्री, करवत आणि त्यांच्या रांगेत मी! दीपश्री सगळ्यांवर फुलानं पाणी शिंपडत आली. माझ्यापाशी तिचा हात थबकला. "तुला नको रे बाबा," ती म्हणाली आणि कोरडं कुंकू लावलं. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. लाल गाडी! आतून नुसत्या पिळलेल्या फडक्यानं पुसलेली. जयक्कांचं कोपर दारावर, गाडी धारवाडच्या दिशेला, आणि शेजारी श्रीहरी सीट घट्ट धरून बसलेला.

मित्रांनो, आपल्या वस्तूंवर माया जरूर करा. पण ज्याच्यावर माया करता, त्याला काय सोसतं ते आधी विचारा. नाही विचारलंत, तरी मी काही मरत नाही म्हणा! इथेच खिळ्याला आहे, या कधीही भेटायला. येताना हात तेवढे कोरडे करून या.