हृदयाच्या पाठीमागची दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे. हे वाक्य मी हळू आवाजात म्हणते, मित्रांनो, कारण एका कागदावर मी नवी कोरी आहे आणि त्या कागदावरून सध्या बराच गदारोळ चालू आहे. तेव्हा जरा जवळ या. तुमच्यात कुणी ठेकेदाराचा भाचा असेल, तर त्याने आधीच हात वर करावा.

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला मान्य आहे. पण जिचा जन्मच लांबचं जवळ आणून बघण्यासाठी झाला, तिने भोळं राहावं तरी कसं?

अंबाल्याच्या एका कारखान्यात माझं लोखंडी धड ओतलं गेलं आणि त्यात काचा बसवल्या गेल्या. तिथून मालगाडीने मी भोपाळला आले. शहराने त्या वर्षी पर्यटकांसाठी म्हणून थोडा पैसा काढून ठेवला होता, त्यातून शाहपुरा तलावाच्या काठावर माझा खांब सिमेंटात पक्का रोवला गेला. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी हार नेमका माझ्या डोळ्यांवरच घातला. त्यामुळे माझ्या कौतुकाचा समारंभ मला दिसलाच नाही. टाळ्या तेवढ्या ऐकू आल्या.

पण नंतरची वर्षं छान गेली. दहा रुपयांचं नाणं टाकलं की माझी झडप उघडायची आणि थोड्या वेळाने खट्‌ करून मिटायची. बिट्टन मार्केटात भाजीवाले जी नाणी घ्यायला कुरकुर करतात, ती सगळी माझ्या पोटात यायची. माझी देखभाल करायला दत्तू होता. तो विदर्भातला. रोज सकाळी तो माझ्या काचा पुसायचा आणि पोरांना उचलून घेऊन पाणकावळे दाखवायचा. एकदा कुणा उनाडाने किल्लीने माझ्या काचेवर ओरखडा काढला. खालच्या कोपऱ्यात, केसासारखा बारीक. दत्तू दोन दिवस जेवला नव्हता, असं तो सांगतो. मला ते थोडं जास्त वाटतं.

माझे रोजचे गिऱ्हाईक होते विलासकाका. अवधपुरीजवळच्या मोठ्या कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले, आता शाहपुऱ्यात राहणारे. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. त्यांच्या बायकोला, मालतीकाकूंना, डॉक्टरांनी रोज तलावाला फेरी मारायला सांगितलं होतं. काकूंना साखरेचा त्रास होता आणि एकदा पलीकडच्या काठावर चक्कर येऊन त्या खाली बसल्या होत्या. तेव्हापासून काका त्यांना एकटीला सोडायला तयार नव्हते, आणि बरोबर चालायला गुडघे तयार नव्हते.

मग काकांनी मला शोधलं. ते माझ्याजवळच्या बाकावर बसायचे. काकू पलीकडच्या कडुनिंबाखाली पोहोचायची वेळ झाली की नाणं टाकायचे. काकू तिथल्या कठड्याला धरून उभ्या राहायच्या आणि पांढरा नॅपकिन हलवायच्या. काकाही हात हलवायचे. काकूंना तो दिसणं शक्यच नव्हतं, तरी हलवायचे.

"मालती रोज या तारेवरून चालत येते," असं ते दत्तूला सांगायचे. तार म्हणजे माझ्या काचेवरचा तो ओरखडा.

कधीकधी काकू कडुनिंबामागच्या ठेल्याशी जरा जास्त रेंगाळायच्या. काकांना जिलबीचा संशय यायचा. मला खरं काय ते माहीत होतं, पण मी कुणाच्या संसारात नाक खुपसत नाही.

आणि मग एका मार्चमध्ये माझ्यासमोर ट्रक येऊन उभा राहिला. त्यातून माणसाहून उंच अक्षरं उतरली. तुम्ही ती पाहिली असतील, प्रत्येक शहरात असतात, आपलं या गावावर प्रेम आहे असं सांगणारी. त्यातलं प्रेम म्हणजे एक भलंमोठं लाल हृदय, आणि ते नेमकं माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. समोरून लोक त्याच्याबरोबर फोटो काढायचे. मला मात्र त्याची पाठ दिसायची. गंजके नट-बोल्ट, लोंबणाऱ्या वायरी आणि आत अडकलेली चिप्सची पाकिटं. माझ्या मनात पहिल्यांदा शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा.

विलासकाकांनी तक्रार केली. शहराच्या पर्यटन कचेरीतून मंजूषाताई आल्या. त्या तिथे हिशेब बघत, घरच्या नागपूरच्या. त्यांनी स्वतःच्या पर्समधलं नाणं माझ्यात टाकलं, हृदयाची पाठ पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"काका, अक्षरं 'नवीन कामं' या खर्चाच्या मदातून आलीत," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे पैशांचे असे वेगवेगळे कप्पे असतात. नवीन कामांच्या कप्प्यात पैसा होता आणि मार्च संपायच्या आत खर्च झाला नसता तर परत गेला असता."

"मग ही दुर्बीण चार हात बाजूला सरकवा."

"ते देखभालीत येतं. त्या कप्प्यात काहीच ठेवलेलं नाही."

"म्हणजे नवं आणायला पैसे आहेत, आणि आहे ते सरकवायला नाहीत?"

"देखभालीची फीत कापता येत नाही न, काका," मंजूषाताई म्हणाल्या आणि ओशाळल्या.

त्या निघून गेल्या. मला त्यांचाही संशय आला. गोड बोलून निघून जाणारी माणसं मी खूप पाहिली होती.

पुढचं वर्ष वाईट गेलं. बोल्ट बघायला दहा रुपये कोण देणार? काकांच्या मुलाने, अमेयने, पुण्याहून हातात धरायची दुर्बीण पाठवली. पण काकांचे हात थरथरायचे आणि तिच्यातून काकू दिसण्याऐवजी सगळा तलावच नाचायचा. माझा पाय सिमेंटात होता, तो थरथरत नव्हता. एकदा काकूंना यायला उशीर झाला, तर काका काठी घेऊन निघाले आणि वाटेतच गुडघा धरून बसले. काकू त्यांना तिथे भेटल्या. त्या दिवशी दोघं एकमेकांवर खूप रागावले होते आणि मला फार वाईट वाटलं.

वर्षाच्या शेवटी पुढचा अर्थसंकल्प ठरायला लागला. माझं उत्पन्न शून्य, म्हणून माझ्यासाठी तरतूदही शून्य. माझ्या जागी नवीन दुर्बीण आणि पलीकडच्या काठाला नवीन कठडा, अशी दोन कामं मंजूर झाली. दोन्ही मिळाली सत्यजित नावाच्या ठेकेदाराला. तो आला, त्याने मला टेपने मोजलं आणि पाठीवर थाप मारली.

"बॉडी तर एकदम सॉलिड आहे यार, दत्तूभाऊ," तो म्हणाला. "असं लोखंड आता मिळत नाही."

खाटिकाने बकऱ्याकडे बघावं तसा बघतोय, असं मला वाटलं. दुसऱ्याच दिवशी मला खांबावरून उतरवलं. दत्तूने डोळे पुसले. गोविंदपुऱ्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मला नेलं आणि मी वितळवलं जायची वाट बघत पडून राहिले.

पण भट्टी पेटलीच नाही. एका माणसाने माझ्यावर निळा रंग मारला. जुनी पाटी काढून चकचकीत पाटी ठोकली. काचांना त्याने हातसुद्धा लावला नाही. आणि मला परत शाहपुऱ्याला आणून, हृदयापासून दूर, एका नव्या चौथऱ्यावर बसवलं. पुन्हा हार, पुन्हा टाळ्या. पाहुणे म्हणाले, "शहराला अत्याधुनिक दुर्बीण मिळाली." मी इकडेतिकडे पाहिलं, दुसरी कुणी आहे का म्हणून. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि ते माझ्याच अंगात मुरत होतं.

खरं सांगू? तरी मी खूश होते. समोर पुन्हा तलाव होता.

त्याच आठवड्यात मंजूषाताई काम पाहून सही करायला आल्या. सत्यजित पेढ्यांचा खोका घेऊन उभा होता. ताईंनी माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. पेढा काही घेतला नाही. मग बाकावरच्या काकांकडे वळून म्हणाल्या, "काका, तुम्ही जुनीतून रोज बघत होता. जरा सांगा, ही कशी आहे?"

"बघा न काका, बघा," सत्यजित म्हणाला. "सीनियर सिटिझनला आपण फ्री करून टाकू. तुम्ही तर घरचेच."

काकांनी फुकटचं घेतलं नाही. नाणं टाकलं. झडप उघडली आणि कडुनिंब जवळ आला. काकू तिथे नुकत्याच पोहोचत होत्या. काकांचा श्वास माझ्या काचेला लागला. वर्षभराने ते त्यांना एवढं स्पष्ट बघत होते. मग त्यांची नजर खाली कोपऱ्यात गेली. ओरखडा तिथेच होता.

त्यांनी डोळा चोळून पुन्हा पाहिलं. मी मनात म्हटलं, नका बोलू. बोललात तर मला पुरावा म्हणून उचलून नेतील, आणि तुमच्या काकू पुन्हा ठिपका होतील. गप्प राहा. तुमचाही फायदा आहे, माझाही.

"नवी आहे ना, काका?" मंजूषाताईंनी विचारलं.

पलीकडे काकूंनी नॅपकिन काढला आणि सवयीप्रमाणे कठड्याला टेकल्या. निळा, चकचकीत, नवा कठडा. माझ्यासारखाच निळा.

काका माझ्यावर आणखी वाकले. "सत्यजित, तो कठडाही तूच केलास ना? त्यालाही नुसता रंगच लावलास का?"

"काका, तुम्ही पण न... कसली गोष्ट करता."

"मालती, मागे हो!" काका ओरडले. एवढ्या लांबून ऐकू कसं जाणार? काकू हसत नॅपकिन हलवत होत्या, पूर्ण भार कठड्यावर टाकून. काकांनी दोन्ही हात हलवले, जा, जा, असे. ते तरी काकूंना कुठे दिसणार होते! काकू चालताना फोन घरीच ठेवायच्या. "दत्तू, पळ! गाडी काढ!"

दत्तूची मोपेड फटफटत सुटली. आणि तेवढ्यात माझी वेळ संपली. खट्‌. झडप मिटली, माझ्या समोर काळोख, आणि शेवटचं दिसलेलं म्हणजे कठड्यावर रेललेल्या काकू. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, पण त्या क्षणाइतकी भीती मला शेडमध्येसुद्धा वाटली नव्हती. काकांना खिशात दुसरं नाणं सापडत नव्हतं. मंजूषाताईंनी पटकन पर्स उघडून आपलं टाकलं.

झडप उघडली तेव्हा दत्तू काकूंचा दंड धरून त्यांना मागे ओढत होता. काकू त्याच्यावर रागावत होत्या. मग दत्तूने कठड्याला जोराने धक्का दिला. कठड्याचा तुकडा रंगासकट हलला आणि पाण्यात पडला. खाली सगळा गंज होता.

काकांनी माझ्या काचेवरून डोळा हटवला. "ताई," ते म्हणाले, "ही जुनीच दुर्बीण आहे. लिहून देतो."

"काका, मग हिला जप्त करावं लागेल. कधी परत येईल सांगता येत नाही."

"माहीत आहे. लिहून देतो."

मंजूषाताईंनी सही केली नाही. सत्यजित पेढ्यांचा खोका बाकावरच विसरून गेला. मी निघण्यापूर्वी काकांनी माझ्या अंगावर हात फिरवला आणि खरवडून थोडा निळा रंग काढला. खालचा माझा जुना हिरवा रंग उघडा पडला, आणि मला फार बरं वाटलं.

आता मी कचेरीच्या कोठीत आहे. डोळ्यांवर कापड, त्यावर लाखेची मोहोर. चौकशी चालू आहे म्हणतात. मंजूषाताईंनी भांडून यंदा देखभालीच्या कप्प्यात पैसा ठेवायला लावला, आणि त्यातून पहिल्यांदा कठडा पक्का झाला, असं दत्तू सांगतो. तो अधूनमधून धूळ झटकायला येतो. त्याला आता हृदयाचे दिवे लावायचं काम दिलं आहे. माझी काच बदलण्याचंही त्या पैशात लिहिलं आहे म्हणे. बदलेपर्यंत मी विश्वास ठेवणार नाही. शिवाय तो ओरखडा जाऊ नये असंही वाटतं.

विलासकाका म्हणे रोज संध्याकाळी माझ्या रिकाम्या चौथऱ्यावर बसतात. पलीकडे काकू नॅपकिन हलवतात, इकडे काका हात हलवतात. दोघांनाही एकमेकांचा ठिपकाच दिसतो.

म्हणून एक विनंती आहे, मित्रांनो. तुमच्या गावात काही नवं उभं राहिलं, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याच्या पाठीमागे जाऊन बघा. जुनी वस्तू असेल तर तिला जुनी म्हणा आणि तिच्या काचा पुसा. आणि शाहपुऱ्याला आलात तर कडुनिंबाखालचा कठडा जरा हलवून बघा. खरंच पक्का आहे का, ते दत्तूच्या हाती मला कळवा. मला इथून दिसत नाही.