सहीआधीची घडी

पाक पानुतने, म्हणजे छापखान्यातल्या पानुतकाकांनी, यंत्र थांबवलं आणि छापलेला ताव टेबलावर पसरला. "बघा आणि सही करा, लारासबाई. तीनची बस आहे माझी. पुढे तासभर छपाई आहे. ईदला गावी पोचलो नाही तर आई घरात घ्यायची नाही."

लारास शाळेतली नोकरी सोडून माझ्याकडे प्रकाशनाचं काम शिकायला आली, त्याला सहा महिने झाले होते. बदकाच्या पिल्लाचं हे सोळा पानी चित्रपुस्तक तिचं पहिलंच. पहिल्या तावावर आमची सही झाली की पुढची चूक आमची, हा छापखान्याचा नियम. तीन हजार तावांची एक बाजू छापून झाली होती. दुसरी बिघडली तर सगळा कागद रद्दी. नवा कागद ईदनंतर दोन आठवड्यांनी येणार, तोवर शाळांची खरेदी आटोपलेली असणार.

लारासने भिंगातून रंग तपासले. पेन उघडलं, आणि थांबली. "घडी घालून बघते."

"रंग चोख आहेत ना? मग घडी कशाला? रुमाल आहे का तो?"

पसरलेल्या तावावर निम्मी पानं डोक्यावर उभी असतातच, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. तिने तीन घड्या घातल्या, कडा कापल्या. पुस्तकात पानांना आकडे नव्हते. पहिल्या पानावर पिल्लू घरून निघालं. पान उलटलं, तर ते सापळ्यात अडकलेलं. पुढे माशांमागे धावलं, आणि त्यानंतर कुठे पाण्याच्या पाटावर पोचलं. समोरासमोरची चित्रं मात्र एकमेकांना अगदी जुळत होती.

"तुमची घडी चुकली," पानुत म्हणाला.

लारासने माझ्याकडे पाहिलं. मी कात्री तिच्याकडे सरकवली. उत्तर मुलाच्या ओठांवर आलेलं असताना बाईंनी बोलू नये, असं तीच म्हणायची.

तिने दुसरा ताव घेतला. घडी काटेकोर पडली. पुन्हा तेच.

"पाक, एक बाजू झाल्यावर गठ्ठा पालथा केलात, तो कसा?"

"कसा म्हणजे? असा..." त्याने हात पुढून मागे नेला आणि मध्येच थांबला. "या अल्ला! डावीकडून उजवीकडे उलटायचा होता."

"वीसच ताव गेलेत. बाकी गठ्ठा आता न उलटता अर्धा गोल फिरवा, या टोकाचं त्या टोकाला. मी धरते."

"आणि माझी बस?"

"सही करणार नाही, पाक."

आम्ही तिघांनी तो जड गठ्ठा थोडा थोडा करून फिरवला. उपासाचे दिवस, घशाला कोरड. नवा ताव निघाला तेव्हा दोनला पाच कमी होते. पहिली घडी पानुतनेच घातली. लारास मोठ्याने वाचू लागली.

"सोळाही पानं वाचणार?"

"हो. मधे बोललात तर पहिल्यापासून वाचीन."

पिल्लू निघालं, पाटावर पोचलं, माशांमागे धावलं, सापळ्यात अडकलं. पानुत घड्याळाकडे बघत होता, पण ऐकत होता. शेवटच्या पानावर पिल्लू आईपाशी पोचलं, तेव्हा त्यानेच पेनाचं टोपण काढून तिच्यापुढे धरलं.