उलट्या पायांची सावली

गुरुपादप्पांच्या डाळमिलच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. अर्धं उदगीर भिंतीवरच्या सोलरच्या मीटरकडे डोळे लावून उभं होतं. दुपार कलताच सूर्यनाथबाबांनी त्रिशूळ आपटला, "आली," म्हणाले, आणि मीटरचा आकडा खरंच घसरू लागला. हात आपोआप जोडले गेले.

"लातूरच्या कंपनीचा कंप्युटर काय म्हणतो? सावली सकाळी पडणार. पडते कधी? दुपारी. म्हंजे तिचे पाय उलटे," बाबा सूर लावून म्हणाले. "उलट्या पायाचं कोण असतं, मी सांगायला पायजे का? मिलमागच्या बेलावरचं हाय ते. झाड तोडा, तिथं आमचं सूर्यपीठ बांधा, सूर्यनारायण मोकळा."

बेल शिवकांताचा होता. गुरुपादप्पांची ही विधवा भावजय मिलच्या मागे राहायची आणि त्याची पानं गळ्यातल्या इष्टलिंगाला वाहिल्याशिवाय पाणीही प्यायची नाही. उद्या कुऱ्हाडवाले येणार होते. सकाळपासून तिचा जप दहादा तुटला होता. बसवेना, उभं राहवेना.

"भावजी, वर चढून कुणी बघितलं का?"

"शिडीला बाबांनी लिंबू बांधलंय, वैनी. ओलांडलं की माणूस रक्त ओकतंय म्हणे."

"म्हणे. ओकताना बघितलं कुणी?"

"गप बसा. देवाचं काम हाय."

"देवाचं काम मी रोज करते. लिंबाचं न्हाई."

तिनेच फोन करून बोलावलेली मंजुश्री एवढ्यात पोचली. सोलरची आखणी या लातूरच्या इंजिनिअर मुलीने केली होती. मालकाने पाठवलेल्या नकाशावरून मिलचं त्रिमितीय चित्र करायचं, ते सॉफ्टवेअरमध्ये घालायचं, मग सॉफ्टवेअर त्यावरून वर्षभराचा सूर्य फिरवून सावल्या दाखवतं. मिल तिने डोळ्यांनी पाहिलीच नव्हती.

शिवकांताने लिंबू सोडलं. ओठांवर "ओम नमः शिवाय" होतं. ती चढली, मागून मंजुश्री. खाली लोक रक्ताची वाट बघत राहिले.

वर डाळ चढवायच्या मनोऱ्याची काळी सावली पॅनेलच्या पहिल्या रांगेवर आडवी पसरली होती.

मंजुश्रीने मोबाईलवर दिशा पाहिली आणि ती गोंधळली. "अक्का, मिलचं दार दक्षिणेला? माझ्या नकाशात उत्तरेला आहे."

शिवकांताने वरूनच विचारलं. गुरुपादप्पा चाचरले. "दक्षिणेचं दार अशुभ ना. मिल तर फिरवता येईना. म्हणून ड्राफ्ट्समनला म्हटलं, कागदावर तरी उत्तरेला घे."

"कागद फिरवलात, काका, आणि माझ्या कंप्युटरमध्ये अख्खी मिल फिरली," मंजुश्री म्हणाली. "पश्चिमेचा मनोरा पूर्वेला गेला. म्हणून तिथं सावली सकाळी, इथं दुपारी. मीही येऊन बघायला हवं होतं."

तिने लॅपटॉपवर उत्तर दिशा नीट केली. पडद्यावर सावली बरोबर दुपारी उतरली. "पॅनेल माळेसारखे जोडलेत. ठिबकच्या नळीवर एका जागी पाय पडला की पुढचं पाणी अडतं, तसं एका पॅनेलवर सावली आली की अख्खी रांग मंदावते. थोड्या वेळात सावली दुसऱ्या रांगेवर जाईल, तेव्हा आकडा आणखी पडेल."

"ही दृष्टी आमच्याच कृपेनं मिळाली," बाबा खालून म्हणाले.

"मग अडवा त्या सावलीला," शिवकांता म्हणाली. "या वर."

बाबांनी शिडीला पाय लावला नाही, नुसता त्रिशूळ आपटला. सावली तिच्या चालीने सरकली, दुसऱ्या रांगेला टेकली, आणि खालून कोणीतरी ओरडलं, "पडला आकडा."

शिवकांता छताच्या कडेला आली. एवढ्या माणसांसमोर ती कधी बोलली नव्हती. "उपासतापास मी सोडणार न्हाई, तुम्हीही सोडू नका. पण झाड तोडा, बाई हाकला असं कुणी म्हणालं, की आधी कारण शोधा. आपल्या डोळ्यानं बघा. बघितल्यानं देव रागावत न्हाई. रागावतो, ज्याचं पीठ बुडतं तो. भावजी, कुऱ्हाडवाल्यांना फोन लावा, येऊ नका म्हणावं."

गुरुपादप्पांनी फोन कानाला लावला. शिडीपाशी रांग लागली होती, आणि बाबांचा चेला त्यात पहिला होता.